कमानपाट्याची साक्ष: तुर्भ्याच्या बाजारापासून उंच केलेल्या गाडीच्या परीक्षेपर्यंत

१. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार नवी मुंबईत तुर्भे येथे आहे. लोकांच्या तोंडी ते वाशीचे एपीएमसी मार्केट. कांदा-बटाटा, फळे, भाजीपाला, मसाला आणि धान्य असे येथे पाच बाजार. रात्री फाटकातून आत येणाऱ्या मालट्रकच्या मागच्या चाकांकडे पाहावे. वरच्या हौद्याला तोलून धरणारे पोलादी पाटे भाराने जवळजवळ सरळ झालेले असतात. तोच ट्रक माल उतरवून बाहेर पडतो, तेव्हा पाट्यांची कमान पुन्हा उमटते आणि ट्रकची पाठ काही बोटे वर आलेली दिसते. आजचा धागा या काही बोटांच्या इतिहासाविषयी आहे.

२. निमित्त मात्र वेगळे आहे. चिखल, खडक आणि नदीपात्र यांतून जाणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांची हौस महाराष्ट्रात वाढली आहे. गाडी घेतली की दोन इंच उंच करायची, असा एक रिवाजच पडत चालला आहे. त्यासाठी लागणाऱ्या स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर आणि जोडसामान यांच्या संचाला लिफ्ट किट म्हणतात. हा संच बसवल्यावर त्याची परीक्षा कशी घ्यावी? बहुतेक जण गाडी एखाद्या दगडावर चढवून छायाचित्र काढतात. या प्रश्नाचे खरे उत्तर मालवाहू चाकाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात सापडते, आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्याच घाटांत आणि बाजारांत घडला आहे.

३. आरंभ चाकाआधीपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत देशावरचे धान्य कोकणात उतरे ते मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे आणि वंजाऱ्यांचे तांडे गोण्या लादून घाट उतरत. १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. त्यानंतर पुणे-मुंबई मालवाहतुकीत गाडीला महत्त्व आले. घाटात चाक आले आणि त्याबरोबर भार, उतार व तोल यांचा हिशेबही आला.

४. त्या काळची गाडी कशी होती? दख्खनमधील जुन्या गाड्या भरीव चाकांच्या, अवजड आणि मंद होत्या. १८३०च्या दशकात गेसफोर्ड नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने सोलापूर भागात टेंभुर्णी येथे सुधारलेल्या गाड्या बनवण्याचा कारखाना चालवला. आऱ्यांचे हलके चाक आणि सुबक धाव यांनी बैलांचे श्रम कमी केले. परंतु या सुधारलेल्या गाडीतही स्प्रिंग नव्हती. आसावर लाकडी साटा, साट्यावर माल. रस्त्याचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा मालाला आणि बैलाच्या मानेला पोहोचत असे.

५. स्प्रिंग तोवर जगात आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधील ओबाडाया इलियट या गाडी बनवणाऱ्या कारागिराने लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगेचे पेटंट घेतले. एकावर एक रचलेल्या, किंचित वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांवर बग्गी तोलली जाऊ लागली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरियाला आणि देशावरच्या टांग्यालाही असे पाटे मिळाले. माणसाच्या वाहनाला स्प्रिंग मिळाली. कांद्याची गोणी मात्र कित्येक दशके खडखडत्या साट्यावरच प्रवास करीत राहिली. मालाला स्प्रिंग मिळाली ती मोटार-ट्रक आल्यावर.

६. या पाट्याला आपल्याकडे कमानपाटा म्हणतात. नावातच त्याचे शास्त्र आहे. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेली कडी असते. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. मध्यभागी सारे एकत्र आवळलेले आणि यू-आकाराच्या बोल्टांनी आसाला जखडलेले. भार पडला की कमान सरळ होते व लांबी वाढते. ती वाढ सामावून घेण्यासाठी एका टोकाला झुलता दुवा असतो, त्याला शॅकल म्हणतात. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने उसळी काही अंशी शमते. स्प्रिंग, आधार आणि थोडे शमन ही तीन कामे एकच साधन करते.

७. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडलेला नियम येथे लागू पडतो: भार जितका, तितका झोल. पाटा शंभर किलोला एक बोट बसत असेल, तर दोनशे किलोला दोन बोटे बसेल. याचा एक व्यावहारिक अर्थ आहे, तो पुढे सर्वत्र उपयोगी पडेल. स्प्रिंग म्हणजे गाडीच्या अंगात बसवलेला तराजूच. जुन्या चालकांना हे पुस्तकाविना ठाऊक असते. ट्रक किती बसला आहे हे पाहून ते माल अजमावतात.

८. आता या तराजूत फेरफार केला तर काय होते ते पाहू. समजा, एका ट्रकचे मागचे पाटे पूर्ण भाराने शंभर मिलिमीटर बसतात. मालकाने जादा पाटे घालून त्यांचा ताठपणा सव्वापट केला. आता तोच भार टाकला तर पाटे ऐंशी मिलिमीटरच बसतील. आणि पूर्वीइतकेच, म्हणजे शंभर मिलिमीटर, बसवायचे तर भारही सव्वापट लागेल. डोळ्याला उंची तीच दिसते. आस, चाकाचे बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांच्यावर मात्र पाव हिश्श्याने अधिक ओझे पडलेले असते. पाटा वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. वाढलेले ओझे फक्त दिसेनासे होते.

९. कारखानदारांनीही जादा पाटा दिला, पण विचारपूर्वक. मालट्रकला मुख्य पाट्यांच्या वर एक आखूड संच असतो, तो हेल्पर पाटा. ट्रक रिकामा असताना तो कशालाही टेकत नाही. भार ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तो टेकतो आणि वाटा उचलतो. त्यामुळे रिकामी गाडी फार ताठ होत नाही आणि भरलेली फार बसत नाही. येथे प्रत्येक पाट्यामागे आस, ब्रेक आणि टायर यांचा एकत्र हिशेब केलेला असतो. रस्त्याकडेला घातलेल्या जादा पाट्यामागे असा हिशेब क्वचितच असतो.

१०. येथून जीपकडे वळू, कारण उंच गाडीच्या हौसेचे मूळ तिच्यात आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराने एका हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली. वजनाची अट सुरुवातीला १३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो होती. एवढ्या वजनात चारही चाकांना शक्ती देणारी टिकाऊ गाडी बनेना. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना मेरिलँडमधील कॅम्प होलाबर्ड येथे चाचणीसाठी दाखल झाला. नमुना हजारो मैल, बहुतांशी कच्च्या वाटांवर, पळवला गेला. दोष टिपले गेले आणि वजनाची अटही अखेर शिथिल करावी लागली.

११. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. कागदावरची अट चाचणीपुढे टिकली नाही, तेव्हा लष्कराने अट बदलली; चाचणी सोपी केली नाही. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. ८० इंचांचे आखूड चाकांतर, पुढे-मागे अखंड आस आणि चारही टोकांना कमानपाटे, अशी तिची ठेवण होती. ट्रक आणि जीप यांचा सांगाडा या अर्थाने एकाच घराण्यातला.

१२. जीप मुंबईत रुजली तीही त्याच काळात. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व पुढे गव्हर्नर जनरलही. कंपनी १९४८ साली महिंद्रा अँड महिंद्रा झाली. सुट्या भागांच्या रूपाने येणाऱ्या विलिस जीपा मुंबईत माझगाव येथे जोडल्या जाऊ लागल्या. वनखाते, पाटबंधारे, पोलीस आणि निवडणुकीचा प्रचार, जिथे रस्ता संपे तिथे जीप जाई. आजची थार त्याच वंशातली असून ती नाशिकच्या कारखान्यात तयार होते.

१३. त्याच वर्षांत चाचणीचे महत्त्व दाखवणारा एक कटू धडाही मिळाला. १९४८ साली लष्करासाठी परदेशातून वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या जीपा घेण्याचा करार झाला. त्यांतील १५५ जीपा भारतात उतरल्या आणि लष्कराने त्या निरुपयोगी ठरवल्या. ‘जीप प्रकरण’ म्हणून ते संसदेत वर्षानुवर्षे गाजले. त्यातील राजकारण हा वेगळा विषय. आपल्यापुरता बोध असा की, रंग दिलेली आणि चालू स्थितीत दिसणारी गाडी ही परीक्षेला उतरलेली गाडी असतेच असे नाही.

१४. परीक्षेची परंपरा मात्र महाराष्ट्रातच घडत होती. लष्करी वाहनांच्या तपासणीसाठी १९२९ साली चकलाला येथे, आजच्या पाकिस्तानात, सुरू झालेला एक विभाग फाळणीनंतर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आला. त्यातूनच वाहन संशोधन व विकास संस्था उभी राहिली. पुण्यात १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. वेताळ टेकडीवरील तिचे आवार पुणेकरांना परिचित आहे. देशात विकल्या जाणाऱ्या वाहनांचे नमुने ज्या मोजक्या संस्थांकडून तपासून घ्यावे लागतात, त्यांत या दोन्ही आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ त्यांची नावे घेतो.

१५. आता पुन्हा तुर्भ्याकडे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. दक्षिण मुंबईतील कोंडलेले घाऊक बाजार नव्या शहरात हलवण्याचे काम त्यानंतर टप्प्याटप्प्याने झाले. कांदा-बटाटा बाजार आधी आला. क्रॉफर्ड मार्केट व भायखळा येथील फळे आणि भाजीपाल्याचा घाऊक व्यापार १९९६ साली आला. मशीद बंदराच्या दाणाबंदराला गोदी आणि रेल्वे यांचा शेजार होता. तुर्भ्याचा बाजार मात्र जन्मतःच रस्त्याचा बाजार. नाशिकचा कांदा कसारा घाटातून, जुन्नरची भाजी माळशेजवरून, पुण्याकडचा माल बोरघाटातून आणि हापूसच्या पेट्या कशेडी घाट ओलांडून येतात.

१६. म्हणजे येथे येणारे बहुतेक प्रत्येक वाहन भरलेल्या स्थितीत घाट उतरून आलेले असते. भरलेली गाडी घाट उतरते तेव्हा भार पुढच्या चाकांकडे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक तापतात. याच ठिकाणी पाट्यांचा आणि ब्रेकचा एक संबंध उघड होतो. लिफ्ट किटची परीक्षा घेणाऱ्याने तो अवश्य समजून घ्यावा, कारण छायाचित्रात तो कधीच दिसत नाही.

१७. अनेक टेम्पो, पिकअप आणि काही प्रवासी गाड्यांत मागच्या ब्रेकच्या नळीवर भार ओळखणारी झडप असते. एक दांडी किंवा बारीक स्प्रिंग तिला आसाशी जोडते. गाडी भरली की चौकट खाली येते, चौकट व आस यांतील अंतर घटते, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. गाडी रिकामी असली की अंतर वाढते आणि दाब कमी होतो. तसे केले नाही तर रिकाम्या गाडीची मागची चाके ब्रेक लावताच जखडतील आणि गाडी फिरेल. झडपेला वजन कळत नाही, तिला फक्त उंची कळते.

१८. आता अशा गाडीला दोन इंच उंच करणारा संच बसवला असे समजा. चौकट व आस यांतील अंतर दोन इंचांनी वाढले. गाडीत पाच माणसे आणि सामान असले तरी झडपेच्या दृष्टीने ती रिकामीच. मागच्या ब्रेकला भराइतका दाब मिळत नाही, सारा ताण पुढच्या ब्रेकवर येतो आणि थांबण्याचे अंतर वाढते. सपाट रस्त्यावर कदाचित कळणारही नाही. कळेल ते कसाऱ्याच्या उतारावर, पुढे ट्रक उभा असताना. उपाय अवघड नाही: दांडीचा आधार तितकाच सरकवायचा आणि ब्रेक पुन्हा तपासायचा. परंतु हे करायचे असते हेच अनेकांना ठाऊक नसते.

१९. आता संचाचे प्रकार पाहू. पाट्यांच्या जुन्या जीपमध्ये उंची वाढवण्याचे मार्ग तीन: अधिक कमान असलेले पाटे, लांब शॅकल, किंवा आसाखाली बसवलेले पाटे आसाच्या वर घेणे. तिसऱ्या मार्गाने गाडी खूप उंच होते, पण जोर लावताना आस पिळला जाऊन पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात. वेटोळ्या स्प्रिंगेच्या गाडीत उंच स्प्रिंग किंवा स्प्रिंगेवर ठेवायची चकती वापरतात. चकती स्वस्त असते. ती उंची देते, पण चाकाची खाली-वर होण्याची मर्यादा वाढवत नाही. त्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरही तितकेच लांब हवेत.

२०. एक गैरसमज येथेच दूर करू. अखंड आसाच्या गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे आसाच्या मधला डिफरन्शियलचा फुगवटा. तो स्प्रिंगेच्या खाली असतो. त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच केली तरी फुगवटा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो वर घ्यायचा तर टायर मोठे हवेत, आणि टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढला तर फुगवटा २५ मिलिमीटरच वर येतो. संचामुळे वाढते ती चौकटीची व पोटाची उंची आणि पुढच्या-मागच्या टोकांचे चढ-उताराचे कोन. त्यांचा उपयोग निश्चित आहे. पण मधल्या दगडाला आस आदळायचा तो आदळेलच.

२१. मग परीक्षा कशी घ्यावी? पहिली पायरी दगडावर नसून वजनकाट्यावर आहे. बाजाराच्या परिसरात काट्यांना तोटा नाही. गाडी रिकामी असताना पुढचा आस व मागचा आस यांचे वजन वेगवेगळे घ्यावे आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. मग नेहमीइतकी माणसे, पाणी, अवजारे व सामान भरून तेच पुन्हा करावे. भारासह आणि भाराविना अशा चार-चार उंचींची नोंद संचापूर्वी एकदा व संचानंतर एकदा. भरलेली गाडी पुरेशी बसतच नसेल, तर स्प्रिंग तिच्या भारासाठी नसून दुसऱ्या कुणाच्या भारासाठी बनलेली आहे.

२२. दुसरी पायरी तोलाची. चाकांच्या जोडीतील रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की स्थिर तोलाचा एक अंक मिळतो. अमेरिकेत गाडी उलटण्याचा धोका अजमावण्यासाठी तो वापरतात. समजा, रुंदी १५२० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे. अंक येतो १.०९. दोन इंचांच्या संचाने आस व चाके जागीच राहतात, म्हणून गुरुत्वमध्य सुमारे ४० मिलिमीटर चढला असे धरू; अंक १.०३. आता छतावर तंबू आणि डबे लादून तो आणखी ५० मिलिमीटर चढवला, तर ०.९६. प्रत्येक पायरी लहान वाटते, परंतु त्यांची बेरीज वळणावर एकदमच मागितली जाते.

२३. तिसरी पायरी लवचिकतेची. वीस अंशांच्या उतरत्या फळीवर एकच पुढचे चाक चढवत न्यावे, आणि उरलेल्या तिन्हींपैकी एखादे चाक जमीन सोडण्याच्या बेतात आले की थांबावे. चाकाने फळीवर कापलेले अंतर चाकांतराने भागून हजाराने गुणायचे. २४५० मिलिमीटर चाकांतराची गाडी १४७० मिलिमीटर चढली, तर अंक ६००. संच बसवल्यावर हा अंक घटला, तर गाडी उंच झाली पण जमीन धरण्याची तिची शक्ती कमी झाली. खडबडीत वाटेवर खरा आधार जमिनीला टेकलेल्या चाकाचा असतो. केवळ ताठ झालेली उंच गाडी एक पाय उचलून उभी राहते.

२४. चौथी पायरी ब्रेक आणि सुकाणूची. मोकळ्या, बंदिस्त जागी, भारासह व भाराविना, ठराविक वेगावरून थांबण्याचे अंतर मोजावे. सुकाणू सोडल्यावर चाके आपोआप सरळ येतात का ते पाहावे. उंचीमुळे पुढच्या आसाचा कोन बदलतो आणि हा गुण हरवू शकतो. ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण खाली लोंबले असता ताणल्या जात नाहीत ना, प्रोपेलर शाफ्टचे सांधे जादा कोनात कुरकुरत नाहीत ना, हेही तपासावे. शेवटी दिव्यांचा झोत. केवळ पुढची बाजू उचलली, तर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. शेकडो किलोमीटर चालवून सारे बोल्ट पुन्हा आवळले की परीक्षेचा पहिला फेरा संपतो.

२५. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या व नोंदणीपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हौशी मंडळींना हा जाच वाटतो. पण नियमामागचा विचार कमानपाट्याचाच आहे: परीक्षा झाली ती मूळ गाडीची, बदललेल्या गाडीची परीक्षा कुणी घेतली?

२६. या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे आणि ती मांडणे न्यायाचे ठरेल. दुर्गम पाड्यावर औषधे नेणारी गाडी किंवा पुरात अडकलेल्यांना काढणारी गाडी उंच असेल तर जीव वाचतात. थारची पाण्यातून जाण्याची अधिकृत मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. महाराष्ट्रातील पावसाळी ओढे या मर्यादेला जुमानत नाहीत. म्हणून गरज नाकारण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो तपासणीचा मार्ग सामान्य मालकाला परवडेल आणि सापडेल असा करण्यात. देशातील अग्रगण्य दोन तपासणी संस्था ज्या राज्यात आहेत, तेथे ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

२७. भाराची मर्यादा मान्य करून घेणे सोपे नसते, हे तुर्भ्याचा बाजार आणखी एका अर्थाने जाणतो. येथील गोणी अखेर माणसाच्या पाठीवरून उतरते. त्या पाठीला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९६९च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने, आणि त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ लढा होता. गोणीचे वजन किती असावे हा प्रश्न पुढेही कामगारांनी पुन्हा पुन्हा मांडला. पाठ वाकली तरी ओझे उचलले जाते, म्हणून ते योग्य ठरत नाही, हे म्हणायलाही संघटना लागली.

२८. पोलादाला संघटना नसते. त्याचे म्हणणे तो वाकून सांगतो. हौद्याखाली सरळ झालेला पाटा, घाटात तापलेला ब्रेक, फळीवर जमीन सोडणारे चाक ही त्याची साक्ष. ज्याने ही साक्ष मोजून, लिहून ठेवली त्याला आपली गाडी किती उंच करता येईल हे ठरवण्याचा आधार मिळतो. ज्याने पाटे वाढवून ती झाकली, त्याच्या चुकीची किंमत बऱ्याचदा समोरून येणारा देतो. म्हणून उंच केलेली गाडी कुणी कौतुकाने दाखवली, तर तिच्या उंचीआधी एवढेच विचारावे: भरल्यावर ती किती बसते, आणि भरलेली असताना किती अंतरात थांबते?